हल्लु अज्जी

शनिवारी संध्याकाळी माझ्या बायकोनं चहाच्या पातेल्यात दात उकळले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. दात म्हणजे खरे दात नव्हेत. हॉकी खेळणारी पोरं तोंडात घालतात ते रबरासारखं माउथगार्ड. ही त्याला कवळी म्हणायची. ते गरम पाण्यात मऊ करायचं, जरा निवू द्यायचं आणि मग चावायचं, म्हणजे ते आपापल्या दातांच्या मापाचं होतं. मी पातेलं धरलं, तिनं चिमट्यानं ते बाहेर काढलं, फुंकर मारली, पुढचे दोन खोटे दात काढून बशीत ठेवले आणि सत्तरीची ती बाई गॅसच्या ओट्याला टेकून ते चावत उभी राहिली. तोंड बंद, डोळे माझ्यावर. मी म्हटलं, "आता काय, गोल मारायला जाणार?" तिला बोलता येईना. लग्न झाल्यापासून शेवटचा शब्द माझा होण्याची ती पहिलीच वेळ.

माझ्या बायकोला वस्तू पडायच्या आधी पडल्याचा आवाज ऐकू यायचा. असे कान जगात दुसऱ्या कुणाला असतील तर मला आणून दाखवा. मी चौथी शिकलेला माणूस, निपाणीला तंबाखूच्या वखारीत हाडं झिजवली, मला नटवून सांगता येत नाही. बघितलं तेवढं सांगतो. ही आंघोळीला बसलेली असायची, दार लावलेलं, आणि आतून हाक यायची, "हळू." मी स्वयंपाकघरात जावं तर दूध काठाला आलेलं. आणि ते काठावर थांबलेलं असायचं, हेही लिहितो, हसायचं त्यानं हसावं. फुगून उभं, कुणीतरी थांब म्हटल्यासारखं. मी गॅस बंद केला की मग खाली बसायचं. दिवसभर तिच्या तोंडात हा एकच शब्द. जिन्याला हळू, मांजराला हळू, सुनेच्या मिक्सरला हळू, जेवताना मला हळू. बाकीच्या बायकाही हळू म्हणतात, पण पडल्यावर, नाहीतर पडताना. ही आधी म्हणायची. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारीचं काहीतरी बिघडलंय.

मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड बेळ्ळंदूरच्या तळ्यामागच्या उंच इमारतीत आलं, तसं तिचं हे फारच वाढलं. गावाकडं वस्तू पडून पडून किती उंचावरून पडणार. इथं अकरा-बारा मजले. एकदा आम्ही इमारतीखालून चाललो होतो, ती एकदम थांबली, माझी बाही धरली आणि समोर कुणी नसताना "हळू" म्हणाली. मी वैतागून म्हटलं, "कुणाला सांगतीस?" तिनं उत्तर द्यायच्या आत वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून तुळशीची कुंडी आली आणि आमच्या दोन पावलं पुढं फुटली. वर बघितलं तर एकाही गॅलरीत माणूस नव्हता. कोरमंगलाला रिक्षातून जातानाही असंच. रस्ता मोकळा, आणि ही रिक्षावाल्याला हळू, हळू करायला लागली. त्याला आधी राग आला, पण हिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यानं ब्रेक दाबला, आणि बोळातून एक जेवण पोचवणारा स्कूटरवाला उलट्या बाजूनं सपकन निघून गेला. उतरल्यावर त्या रिक्षावाल्यानं गाडी बंद केली आणि हिला हात जोडून विचारलं, "अम्मा, पुढं माझ्या वाटेत काही आहे का?" मी त्याचं कन्नड हिला मराठीत सांगितलं. हिनं रस्त्याकडं जरा कान देऊन बघितलं आणि म्हणाली, "आता न्हाई. जा." तो खरंच खूश होऊन गेला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

झोपेतही म्हणायची. मी जागा व्हायचो आणि काय पडतंय याची वाट बघत पडून राहायचो. भांडं, पाल, छताचा पोपडा, काहीतरी. बहुतेक वेळा काहीच पडायचं नाही. ते जास्त वाईट.

याचं मूळ मला ठाऊक होतं. हिचं माहेर कागलकडचं. लहानपणी पोरांचा विटीदांडूचा डाव बघत ती बांधावर बसली होती. विटी आपल्याकडं येताना तिनं बघितली. ती सांगायची, "यायच्या आधीच दिसली वो मला. हळू म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला न्हाई. उघड्या तोंडात बसली." पुढचे दोन दात तिथंच गेले. मी तिला चिडवायचो, की त्या वेळी अडकलेला आवाज तू आता जन्मभर बाहेर काढतेस. ती म्हणायची, "मग अजून निम्मासुद्धा झाला न्हाई."

आमची नात हॉकी खेळते. गोलकीपर आहे, अंगभर गाद्या बांधून, डोक्यावर शिरस्त्राण घालून उभी असते, तिला धक्का लागायचा प्रश्नच नाही. तिला सोडायला म्हणून आम्ही सकाळी तळ्याजवळच्या मैदानावर जायला लागलो. मैदानाला दोरी बांधलेली, दोरीच्या मागं सिमेंटची एक पायरी. मी जाऊन पायरीच्या मधोमध बसायचो. ही सगळ्यांची विचारपूस करून मागून यायची आणि म्हणायची, "सरा की जरा." मी मुद्दाम पहिल्या हाकेला सरकायचो नाही. दुसऱ्या हाकेला सरकायचो. त्यात काही नाही, आपली सवय. तिथं थंडीत तळ्यावरून धुकं येतं, कधी धुक्याबरोबर तळ्यातल्या सांडपाण्याचा पांढरा फेसही उडत येतो आणि पोरांची नुसती पायमोजे घातलेली पावलं दिसतात, वर काही नाही. लाकडाची टकटक ऐकू येते आणि पोरं दिसत नाहीत. मला ती जागा आवडायची नाही. हिला फार आवडायची. म्हणायची, "इथं आधी ऐकू येतं."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खेळ रंगात आलेला, आणि ही उभी राहून खच्चून ओरडली, "हळू." अख्खं मैदान थांबलं. आणि सगळ्या पोरांनी एकाच वेळी वाकून पायमोज्यातून काहीतरी काढलं आणि तोंडात कोंबलं. मला तर पोरांच्या अंगात आलं असंच वाटलं. कोच मॅडम, कोडगूकडची तरणी पोरगी, शिट्टी हातात धरून नुसती बघत राहिली. तिनं आठवडाभर घसा फोडून सांगितलं होतं की गार्ड तोंडात घाला, आणि पोरं तिची पाठ वळली की ते काढून मोज्यात ठेवायची. मला कन्नड येतं. वखारीतल्या हमालांकडून शिकलेलं असल्यामुळं चारचौघात बोलता येत नाही, पण कळतं सगळं. कन्नडमध्ये दाताला हल्लु म्हणतात. ही ताणून ओरडली हळू, पोरांना ऐकू आलं हल्लु. दात. मी हसत हसत तिला ते सांगितलं. मला वाटलं खट्टू होईल. ती विचार करून म्हणाली, "मग चुकलं काय त्यात? हळू गेलं तर दात राहतात." त्या दिवसापासून पोरं तिला हल्लु अज्जी म्हणायला लागली. दात आजी. तिला ते हळू आजी ऐकू यायचं. दोन्ही पार्ट्या समाधानी.

मैदानाच्या फाटकावर क्लबनं नियमांचा फलक लावला तेव्हा हिनं नातीकडून तो तीनदा वाचून घेतला. गार्ड आणि नडगीचं पॅड असल्याशिवाय खेळायचं नाही. हरलेल्याला हसायचं नाही. कुणी कुणाला घाण बोलायचं नाही, मोठ्यांनी तर मुळीच नाही. कुठल्याही मोठ्या माणसानं एकट्या पोराला खोलीत न्यायचं नाही. डोक्याला किंवा तोंडाला लागलं, तर पोर बरं आहे म्हणालं तरी त्या दिवशी खेळवायचं नाही. ही म्हणाली, "देवळात लावावं असं लिवलंय." आणि तिनं ते सगळं घरी लागू केलं. मुलगा नातीला मार्कांवरून बोलायला लागला की ही मध्ये पडायची, "हरलेल्याला हसायचं न्हाई." मुलगा म्हणायचा, "आई, मी हसत नाहीये, ओरडतोय." "मग मोठ्यांनी तर मुळीच न्हाई." माझ्या डोक्याला कपाटाचं दार लागलं, तर मी बरा आहे म्हणत असताना तिनं मला दिवसभर बाजारात जाऊ दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

तोच फलक एक दिवस तिच्यावर उलटला. त्यावर आणखी एक नियम होता. दोरीबाहेरच्या माणसानं खेळणाऱ्या पोरांना ओरडून काहीही सांगायचं नाही. त्या शनिवारी सकाळी एक पोरगी चेंडू घेऊन गोलासमोर पोचली. पुढं कुणी नाही, बाजूला कुणी नाही. आणि ही ओरडली. पोरगी जागच्या जागी थांबली, मोज्यात हात घातला, चेंडू घरंगळत बाहेर गेला. तिचा बाप जवळच्या एचएसआर भागात राहणारा, मूळ पुण्याचा, चांगला माणूस. खेळ संपल्यावर तो मॅडमला घेऊन पायरीपाशी आला.

"आजी, डोंट माइंड," तो म्हणाला, "पण तिच्या आसपास कोणी नव्हतंच. ती ऑलमोस्ट स्कोर करत होती. काहीच होणार नव्हतं."

"झालं का काय?" हिनं विचारलं.

"नाही ना. तेच तर म्हणतोय. काहीच झालं नाही."

"त्याच्यापायीच तर ओरडले."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तळ्याकडं बघितलं. अशा वेळी आपण तळ्याकडं बघावं.

मॅडम पायरीवर हिच्यापाशी बसली. तिच्या बोलण्याच्या शेवटी नेहमी 'सरी' असायचं, कन्नडमध्ये त्याचा अर्थ बरं, ठीक. ती बोलत गेली आणि मी हिला मराठीत सांगत गेलो. "अज्जी, दोरीबाहेरून बाप लोक ओरडतात, पाड तिला, मार तिला. ते बंद करायला मी हा नियम लावला. तुमचं ओरडणं चांगलं आहे. पण तुम्हाला सोडलं तर उद्या त्यांना कोणत्या तोंडानं गप्प करू? सरी?"

ही म्हणाली, "बरोबर हाय पोरीचं. मला सोडू नको म्हणावं." मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण तिला सांगा, ते माझ्या हातात न्हाई. शिंक येती तसं येतं. आणि आलेलं गिळलं तर..." तिनं स्वतःच्या पुढच्या दोन दातांना हात लावला. "कुणाचं तरी जातं वो. मी गिळायचं आणि पोरांचं जायचं."

हे मी मॅडमला सांगितलं नाही, कारण मला ते कन्नडमध्ये नीट सांगता आलं नसतं. मी एवढंच सांगितलं की म्हातारी घाबरली आहे. मॅडमला ते समजलं असावं. तिनं हिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा हिला ती युक्ती सुचली. "एक कवळी मला द्या म्हणावं. तोंडात घालून बसते. ओरडायचं आलं तरी तोंडात कोंबलेलं आसंल. निघायचा न्हाई आवाज. नियमबी मोडायचा न्हाई." पुण्याचा बाप हसला, मॅडम हसली, पण मॅडमनं पिशवीतून एक नवीन गार्ड काढून दिलं, आणि गरम पाण्यात किती वेळ ठेवायचं तेही सांगितलं.

म्हणून शनिवारी संध्याकाळी पातेलं चढलं. ते चावून झाल्यावर तिनं ते तोंडातून काढून मला दाखवलं. रबरात तिचे सगळे दात उमटले होते, आणि पुढं दोन दातांची जागा कोरी. "बघा," ती म्हणाली, "विटीसुद्धा उमटली." मग तिनं ते धुऊन खिडकीत पालथं घातलं, कप पालथा घालतात तसं, आणि उद्या सकाळी पहिल्यांदा घालून बसणार म्हणून लवकर झोपली. तिला काळजी होती, हे मला दिसत होतं. आपण गप्प बसलो आणि त्याच वेळी काही आलं तर, ही काळजी. मी म्हटलं, "तुझ्याआधीही पोरं खेळत होती." ती म्हणाली, "व्हय, आणि मीबी बांधावरच बसले होते."

पहाटे ती हळू म्हणाली. मी ऐकलं. नेहमीसारखं ओरडून नाही. कुणीतरी हात धरून जिना उतरवत असावं आणि त्या माणसाला सांगावं, तशा आवाजात. मी नेहमीप्रमाणे काय पडतंय याची वाट बघत पडून राहिलो. काहीच पडलं नाही. उजाडल्यावर मी तिला हाक मारली.

रविवारी दुपारपर्यंत सगळं उरकलं. इथं सगळं लवकर उरकतं. गावाकडची माणसं यायच्या आत स्मशानातल्या विजेच्या मशीनचं दार बंद झालं. मुलानं मॅडमला फोन करून कळवलं. नात कोपऱ्यात बसून होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हिच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. मी खिडकीपाशी गेलो, तर ते गार्ड तिथं पालथं तसंच होतं. मी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं. का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकात घराबाहेर पडू नये म्हणून सून सांगत होती, तरी मी मैदानावर गेलो. धुकं होतं. पायरी ओली होती. मी मधोमध बसलो. खेळ चालू होता, टकटक ऐकू येत होती, पोरांची पावलं तेवढी दिसत होती. थोड्या वेळानं मला रडू फुटायला लागलं. मी म्हातारा पुरुष, दोरीबाहेर बसून हंबरडा फोडला तर तोही आरडाओरडाच, आणि नियम सगळ्यांना सारखा. म्हणून मी खिशातून ते गार्ड काढलं आणि तोंडात घालून घट्ट चावलं. माझ्या मापाचं नव्हतंच. माझे दात तिच्या दातांच्या खुणांवर बसेनात. त्याला अजून चहाच्या पातेल्याचा वास होता.

आणि टकटक थांबली. धुक्यात सगळी पावलं जागच्या जागी उभी राहिली. मग दिसलं, हात खाली आला, मोज्यात गेला आणि वर गेला. सगळ्यांचा, एकाच वेळी. मॅडमची शिट्टी वाजली नव्हती. कुणीही काही म्हणालं नव्हतं. मी तिथंच होतो आणि माझे कान अजून चांगले आहेत. पलीकडं कुणीतरी आधीच मारलेला एक चेंडू कशावर तरी आपटून उडाला, आणि हाडावर बसावा तसा आवाज आला. एक पोरगी मटकन खाली बसली. मॅडम पळत गेली. पोरीनं ते रबर हातात थुंकलं. ओठ फुटला होता, थोडं रक्त होतं, दात सगळे जागच्या जागी. पोरगी बरी आहे, बरी आहे म्हणत होती, तरी मॅडमनं तिला हाताला धरून बाहेर बसवलं.

मग मॅडमनं विचारलं, "यारु कूगिद्दु?" कोण ओरडलं?

पोरांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यातलं एक पोर सहज म्हणालं, "हल्लु अज्जी."

मॅडमचा चेहरा मी बघितला. ती सावकाश चालत पायरीकडं आली, माझ्याकडं बघितलं, माझ्या बाजूला बघितलं. "अज्जा," तिनं विचारलं, "तुम्ही ओरडलात?"

मला बोलता येईना. मी तोंडातून गार्ड काढून तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातात घेऊन बघितलं, पुढच्या दोन कोऱ्या जागांवरून अंगठा फिरवला. नियमाचं काही बोलली नाही. ते तिनं पुन्हा माझ्या तळहातावर ठेवलं, माझी मूठ बंद केली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सरी."

कन्नडमध्ये त्याचा अर्थ बरं, ठीक. मला माहीत आहे. पण माझ्या कानाला ते सरा असंच ऐकू आलं.

मी पायरीवर सरकलो. पहिल्याच हाकेला.